दुसरा डोळा

अक्यूट रेटिनल नेक्रोसिस हे नाव डोळ्यांच्या दवाखान्यातही रोज कानावर पडत नाही. विषाणू डोळ्याच्या पडद्यात, म्हणजे रेटिनात, उतरतो आणि काही दिवसांत पडदा कडेकडून मरत जातो, असा हा आजार. या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटनमधल्या नेत्रतज्ज्ञांकडून देशभरातल्या रुग्णांची मोजदाद झाली, तेव्हा सोळा ते वीस लाख लोकांमागे वर्षाला एक असं प्रमाण निघालं. हाच दर आपल्याकडे लावून पाहू. २०११च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजार. म्हणजे दोन्ही मिळून वर्षाला दीड-दोन माणसं. गेल्या दीड दशकात घोडबंदर रोडपासून टिटवाळ्यापर्यंत इमारतींची जी रांग लागली, ती धरली तरी हा आकडा हाताच्या बोटांपलीकडे जाणार नाही.

मग एवढ्याशा लोकांच्या आजारावर लेख कशाला? एक तर ज्या विषाणूंमुळे तो होतो ते तुमच्या-माझ्या शरीरात बहुधा आधीच आहेत. आणि दुसरं, हा आजार एका डोळ्यावर भागत नाही. पहिला डोळा बऱ्याचदा अचानक, काही कळायच्या आत जातो. दुसरा डोळा मात्र वाचवता येतो, आणि तो वाचतो की नाही हे पुष्कळदा रुग्ण, घरचे आणि डॉक्टर पुढचे काही महिने काय करतात त्यावर ठरतं.

आधी एक घोटाळा मिटवून टाकू. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे आले होते. शाळा, वसतिगृहं, लोकलचे डबे, सगळीकडे काळे गॉगल दिसत होते. तो संसर्ग डोळ्याच्या बाहेरच्या आवरणाचा. हात, टॉवेल, उशी यांतून तो पसरतो, डोळा लाल होतो, चिकटतो, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत प्रकरण संपतं. रेटिनाचा संसर्ग असा बाहेरून उडी मारून येत नाही आणि घरातल्या दुसऱ्याकडून लागतही नाही. तो आतून येतो.

लहानपणी कांजिण्या झाल्या, खपल्या पडल्या, आंघोळ घातली, विषय संपला असं आपण समजतो. विषाणू मात्र संपत नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या गाठींमध्ये तो पागडीच्या खोलीतल्या जुन्या भाडेकरूसारखा ठाण मांडून बसतो. चाळीस-पन्नास वर्षांनी तोच नागीण होऊन अंगावर उठतो. हर्पिस सिंप्लेक्स हा त्याचा भाऊबंद. तापात ओठाच्या कडेला ज्या पुळ्या येतात त्या बहुधा त्याच्याच. तिसरा सायटोमेगॅलो विषाणू, डॉक्टर त्याला सीएमव्ही म्हणतात. भारतात बहुतेकांना तो लहानपणीच गाठतो, साध्या तापासारखा येऊन जातो आणि रक्तपेशी घडवणाऱ्या पेशींत दडून राहतो. हे तिघंही एकाच हर्पिस कुळातले. रेटिनाचे बहुतेक विषाणूजन्य आजार, आणि त्यांतले परत परत उलटणारे जवळजवळ सगळेच, या कुळाकडे जातात.

म्हणून ‘पुन्हा कुठून लागण झाली’ हा रुग्णाचा पहिला प्रश्न चुकीच्या दिशेचा आहे. पुन्हा लागण होतच नाही. शरीरातली टी-पेशींची पहारेदारी सैल पडते आणि आत बसलेला विषाणू जागा होतो. कोणाची पहारेदारी, कशानं, किती सैल पडली, एवढाच शोध घ्यायचा असतो.

अक्यूट रेटिनल नेक्रोसिसचं पहिलं वर्णन जपानमधून आलं. १९७१ साली अकिरा उरायामा आणि सहकाऱ्यांनी सहा रुग्णांची हकिगत लिहिली. तिथं त्याला किरिसावा युव्हायटिस म्हणत; युव्हायटिस म्हणजे डोळ्याच्या आतली सूज. कारण काय ते तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. १९८२मध्ये अमेरिकेत अशा एका रुग्णाचा काढून टाकावा लागलेला डोळा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासला गेला आणि रेटिनाच्या पेशींत हर्पिस कुळाच्या विषाणूचे कण दिसले. त्यानंतर अ‍ॅसायक्लोविर वापरायला सुरुवात झाली. हे औषध नागिणीसाठी आज कोणत्याही मेडिकलमध्ये मिळतं. १९९१ साली अमेरिकी डॉक्टरांनी ५४ रुग्णांच्या जुन्या नोंदी काढून एकच गोष्ट पाहिली: एका डोळ्याला आजार झाल्यावर दुसऱ्याचं काय झालं? अ‍ॅसायक्लोविर मिळालेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांचा दुसरा डोळा दोन वर्षांनंतरही निर्धोक होता. औषध न मिळालेल्यांत हे भाग्य जेमतेम एक-तृतीयांश लोकांच्या वाट्याला आलं.

औषधाचा सगळ्यात मोठा फायदा पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत दिसला, कारण दुसरा डोळा बहुधा त्याच काळात धरला जातो. म्हणूनच सुरुवातीला शिरेतून अ‍ॅसायक्लोविर किंवा भरपूर मात्रेत व्हॅलासायक्लोविर, सोबत डोळ्यात इंजेक्शन, आणि नंतर निदान तीन महिने गोळ्या असा रिवाज पडला. गोळ्यांच्या पहिल्या पंधरवड्यात डोळा शांत होतो, लाली जाते, दुखणं थांबतं. रुग्णाला वाटतं झालं. गोळ्या दिवसातून अनेकदा घ्यायच्या, महाग पडतात, पोट बिघडतं. मग एक एक डोस गळू लागतो. मला विचाराल तर आजार उलटण्याच्या कारणांत सर्वांत साधं आणि टाळता येण्याजोगं कारण हेच, औषध वेळेआधी सुटणं. पहिल्या डोळ्यासाठी गोळ्या चालू आहेत असं रुग्ण समजतो. त्या खरं तर दुसऱ्यासाठी चालू असतात, आणि हे त्याला स्वच्छ शब्दांत कोणी सांगितलेलं नसतं.

तीन महिन्यांनंतरही हमी नाही. पहिल्या डोळ्यानंतर तीस वर्षांहून जास्त काळ उलटल्यावर दुसरा डोळा बिघडल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. त्यामुळे ज्याचा एकच डोळा कामाचा उरला आहे, किंवा ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे, त्याला काही डॉक्टर कमी मात्रेत गोळ्या वर्षानुवर्षं चालू ठेवायला सांगतात. अशा वेळी मूत्रपिंडांकडे लक्ष ठेवावं लागतं. मधुमेही माणसात ती आधीच थकलेली असतील, तर मात्रा त्या हिशेबानं उतरवावी लागते.

कोणता विषाणू कोणाला गाठतो यातही तऱ्हा आहेत. मध्यमवयीन आणि वयस्क माणसात बहुधा कांजिण्या-नागिणीचा विषाणू सापडतो. विशी-पंचविशीच्या आत मात्र हर्पिस सिंप्लेक्सच्या दुसऱ्या प्रकाराचं पारडं जड असतं, आणि त्याचा धागा कधी कधी थेट जन्मापर्यंत जातो. बाळंतपणाच्या वेळी आईकडून झालेली लागण, बाळपणी झालेला मेंदूज्वर, मेंदूच्या आवरणाची सूज असं काही मागं असेल तर विषाणू तेव्हापासून आत असतो. डोक्याला मार लागणं, मेंदूची शस्त्रक्रिया, स्टेरॉइडचा मोठा डोस यांनंतर तो डोळ्यात उतरल्याची उदाहरणं आहेत. म्हणून तरुण मुलाच्या डोळ्याचं दुखणं सांगायला आई सोबत गेलेली बरी; पाळण्यातलं आजारपण तिलाच आठवतं.

स्टेरॉइडचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं. रेटिनाची सूज उतरवायला स्टेरॉइड लागतंच, पण विषाणूविरोधी औषध आधी चालू करून. निदान चुकलं आणि नुसतंच स्टेरॉइड दिलं, तर विषाणूला रान मोकळं. हा आजार सुरुवातीला साध्या युव्हायटिससारखा दिसतो: थोडी लाली, थोडं दुखणं, डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगणं. बाहुली मोठी करणारे थेंब टाकून पडद्याच्या कडा तपासल्या नाहीत तर मरत चाललेला भाग दिसतच नाही, कारण तो कडेपासून सुरू होतो. आपल्याकडे तर डॉक्टरांच्याही आधी मेडिकलवाल्याकडून स्टेरॉइडचे थेंब आणायची पद्धत आहे. मागच्या वेळी याच थेंबांनी बरं वाटलं होतं, हे कारण पुरतं. जाणकार डॉक्टर शंका आली की डोळ्यातलं पाणी सुईनं काढून पीसीआर करायला पाठवतात, पण अहवालाची वाट न बघता औषध सुरू करतात. क्षयरोग, गरमी आणि टॉक्सोप्लाझ्मा यांच्या तपासण्या सोबतच होतात, कारण हे तिघंही वेश बदलून याच जागी येतात आणि तिघांचं औषध वेगळं आहे.

सीएमव्हीची कथा निराळी. इथं डोळा बहुधा लाल होत नाही, दुखत नाही. नजरेच्या एका बाजूला सावली येते किंवा ठिपके वाढतात, एवढंच. हा विषाणू धडधाकट माणसाच्या रेटिनाला सहसा हात लावत नाही. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात सीडी-४ पेशी, म्हणजे पहारा देणाऱ्या टी-पेशींतलाच एक प्रकार, साधारण पाचशे ते दीड हजार असतात. त्या पन्नासाच्या खाली गेल्या की सीएमव्हीला दार उघडं. एड्सवर प्रभावी औषधं नव्हती त्या काळात पाश्चात्त्य देशांत दर तीन-चार एड्सग्रस्तांपैकी एकाच्या तरी रेटिनाला तो गाठायचा. डोळा गॅनसायक्लोविरनं शांत व्हायचा, औषध थांबलं की दोन-तीन आठवड्यांत जुन्या डागाच्याच कडेनं पुन्हा पेटायचा. १९९६नंतर एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची तीन औषधांची एकत्रित उपचारपद्धती, आली आणि नव्या रुग्णांचं प्रमाण तीन-चतुर्थांशाहून अधिक घटलं. एवढी घट डोळ्याच्या कोणत्याच औषधानं केली नव्हती. पहारेकरी परत आले, हेच त्याचं कारण.

भारतात १९९५मध्ये चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या ज्योतिर्मय बिस्वास आणि सहकाऱ्यांनी एड्सच्या रुग्णांतल्या नेत्रविकारांची देशातली पहिली दोन उदाहरणं छापली. सरकारी मोफत एआरटी १ एप्रिल २००४पासून सहा राज्यांतल्या आठ ठिकाणी सुरू झाली. त्यांतलं एक मुंबईचं जे. जे. रुग्णालय. कल्याण, उल्हासनगर, भिवंडीच्या रुग्णाला तेव्हा भायखळा किंवा सँडहर्स्ट रोड गाठल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पुढे केंद्रं वाढली, आणि २०१७पासून सीडी-४ कितीही असो, निदान होताच औषध सुरू करायचं धोरण आलं. तरीही देशात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रातच आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१च्या अंदाजात ती चार लाखांच्या आसपास होती. आज सीएमव्हीनं डोळा गमावणारा माणूस बहुधा दोघांपैकी एक असतो: तपासणी फार उशिरा झालेला, किंवा औषध मध्येच सोडलेला. भिवंडीच्या यंत्रमागावरचा कामगार लग्नसराईला गावी जातो, दोन महिन्यांचे चार होतात, गोळ्या संपतात, तिथल्या केंद्रात नाव नोंदवायला संकोच वाटतो. परततो तेव्हा सीडी-४ घसरलेले असतात आणि जुन्या डागाची कड सरकलेली असते. यात विषाणूची हुशारी कमी आणि रजेचा हिशेब जास्त.

अशा रुग्णाच्या डोळ्यात थेट गॅनसायक्लोविरचं इंजेक्शन देता येतं. तोंडानं घ्यायच्या व्हॅलगॅनसायक्लोविरच्या मानानं ते पुष्कळ स्वस्त, म्हणून आपल्याकडे बरंच वापरलं जातं. अडचण एकच, ते त्या डोळ्यापुरतं असतं. १९९४ साली अमेरिकेत औषध झिरपवणारी बारीक गोळी डोळ्यात बसवून पाहिली गेली. त्या डोळ्यातला आजार महिनोन् महिने आटोक्यात राहिला, पण सहा महिन्यांत दुसऱ्या डोळ्यात आजार उतरण्याचा धोका तब्बल पन्नास टक्के निघाला. डोळ्यात इंजेक्शन आणि सोबत सबंध शरीराचा बंदोबस्त, दोन्ही हवं. एआरटी नीट चालू राहून सीडी-४ शंभरावर गेले आणि तीन ते सहा महिने तिथं टिकले, तर डोळ्याचं औषध थांबवता येतं. त्याआधी थांबवणं धोक्याचं. सीडी-४ वर चढताना कधी कधी डोळा उलट बिघडल्यासारखा वाटतो. परतलेली प्रतिकारशक्ती जुन्या जागी सूज आणते. त्याला आजार उलटला समजून एआरटी सोडून देणारेही भेटतात, आणि ते मात्र खरंच आजाराला बोलावणं धाडत असतात.

आता एचआयव्हीपलीकडचे धोके वाढत आहेत, आणि मला काळजी त्यांची जास्त वाटते. मूत्रपिंड बदललेले रुग्ण, ब्लड कॅन्सरची केमो घेणारी मुलं, संधिवात किंवा ल्युपससाठी रिटुक्सिमॅबसारखी औषधं घेणाऱ्या बायका, मधुमेहानं सुजलेल्या पडद्यासाठी डोळ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलेली माणसं, या सर्वांत विषाणूजन्य रेटिनायटिसची, म्हणजे पडद्याच्या सुजेची, प्रकरणं नोंदली गेली आहेत. एआरटी केंद्रात निदान डोळ्यांचा प्रश्न निघण्याची शक्यता असते. संधिवाताच्या डॉक्टरांकडे बसलेली बाई मात्र डोळ्यासमोरच्या ठिपक्यांबद्दल बोलतच नाही, कारण ती गुडघ्यासाठी आलेली असते. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ती गुडघ्याच्या गोळ्यांचं नाव घेत नाही. दोन फायली दोन पिशव्यांत राहतात.

ताणाचं काय? ‘मुलाच्या दहावीचं वर्ष, सासूबाईंचं आजारपण, म्हणून डोळा उलटला’, असं रुग्ण हटकून सांगतात. बुबुळाच्या हर्पिसवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासाचा एक भाग २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात ३०८ जणांकडून आठवड्याच्या आठवड्याला ताण, ऊन, ताप, मासिक पाळी यांची नोंद लिहून घेतली होती. आजार उलटण्याशी यांतल्या कशाचाही संबंध सिद्ध झाला नाही. गंमत म्हणजे ज्यांनी डोळा बिघडल्यानंतर मागची नोंद भरली, त्यांना त्या आठवड्यातला ताण जास्त आठवला. दुखणं आलं की आठवणही त्याच्या सोयीनं लागते. बुबुळाच्या आतल्या थरात आजार पूर्वी किती वेळा झाला होता, याला मात्र वजन निघालं. आणि १९९८च्या निष्कर्षांत रोज दोन वेळा अ‍ॅसायक्लोविर घेणाऱ्यांत वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आलं होतं. हे बुबुळाचं आहे, रेटिनाचं नव्हे, पण विषाणू तोच.

पावसाळ्यानंतर इथल्या दवाखान्यांत एक वेगळा पाहुणाही येतो. डेंगी किंवा चिकुनगुनियाचा ताप उतरून दोन ते चार आठवडे झाल्यावर नजर अंधुक होते, पडद्यावर पांढुरके ठिपके दिसतात. डॉक्टर त्याला तापानंतरचा रेटिनायटिस म्हणतात. महाराष्ट्राला चिकुनगुनिया नवा नाही. १९७३ला बार्शीत मोठी साथ येऊन गेली, मग तीन दशकं तो गायब होता आणि २००६च्या सुमारास परतला. हा रेटिनायटिस हर्पिससारखा आत दडून राहत नाही, सहसा उलटत नाही, आणि अ‍ॅसायक्लोविर त्याला लागू पडत नाही. पण तो कोणता आणि हा कोणता हे डोळा तपासल्याशिवाय कळत नाही, म्हणून तापाची तारीख डॉक्टरांना सांगायची.

दवाखान्याच्या फेऱ्यांचा प्रश्न उरतोच. कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, खासगी रेटिना सर्जन, सगळे आज जवळ आहेत. तरी डोळ्यातल्या पाण्याची पीसीआर, सुटलेल्या पडद्याची शस्त्रक्रिया अशा कामांसाठी अनेकांना शीव, परळ गाठावं लागतं. बाहुली मोठी केल्यावर काही तास जवळचं दिसत नाही, उजेड सहन होत नाही. अशा अवस्थेत दादरहून डोंबिवली फास्टमध्ये एकट्यानं चढणं म्हणजे दिव्य. सोबत कोणी आला तर दोघांचा खाडा. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर माणूस ‘आता बरंय की’ म्हणून घरी बसतो, आणि रेटिनल नेक्रोसिसमध्ये निम्म्या रुग्णांचा पडदा पुढच्या काही आठवड्यांत सुटू शकतो. नेमकी तीच तपासणी चुकते. घरी करण्याजोगं काम एवढंच: रोज सकाळी आळीपाळीनं एक एक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायचं. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा बिघडलेल्याची उणीव झाकून टाकतो. ठिपके वाढले, लखलखाट झाला, कडेनं पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर त्याच दिवशी गाठायचं. पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही.

नागिणीपुरता एक उपाय आता हाताशी आहे. कपाळावर, पापणीवर, नाकाच्या शेंड्यावर नागीण उठली तर गेरू लावून उतरवत बसण्यात पहिले तीन दिवस घालवू नयेत. विषाणूविरोधी गोळ्या बहात्तर तासांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा उपयोग सर्वांत जास्त. नागिणीची शिंग्रिक्स ही लस २०२३पासून भारतात मिळते, पन्नाशीपुढच्यांसाठी, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस. तिच्यात जिवंत विषाणू नाही, त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबलेल्यांनाही देता येते. स्वस्त मात्र नाही, आणि हर्पिस सिंप्लेक्स किंवा सीएमव्हीवर तिचा काही इलाज नाही. ज्यांचा डोळा नागिणीनं पूर्वी बिघडला आहे, त्यांनी तो पूर्ण शांत असताना, डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी; लसीनंतर जुनी सूज परत आल्याची थोडी उदाहरणं आहेत.